धान, धनादेश आणि वखार पावती : शेतकऱ्यासाठी चलनक्षम दस्तऐवजांचा परिचय

छत्तीसगडमधील रायपूर शहरापासून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सिलतरा हे गाव लागते. स्पंज आयर्न आणि पोलाद कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे आज हे नाव परिचित आहे. मात्र वसाहतीच्या सभोवतालचा मुलूख धानाचा आहे. रायपूर परिसरातील भातगिरण्या आणि धान्यव्यापारी यांचा सीमेपलीकडील गोंदिया व भंडारा या मराठी जिल्ह्यांशी संबंध स्वाभाविक आहे, कारण पीक एक आहे आणि मुंबई-हावडा लोहमार्गही एकच आहे. छत्तीसगडची शासकीय धान खरेदी त्या राज्यात नोंदणी झालेल्या शेतकऱ्यांपुरती असते. त्यामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्याने सीमेपलीकडे माल दिला, तर तो व्यवहार खाजगी व्यापाऱ्याशी होतो. अशा व्यवहारात ट्रक निघून गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती उरतो तो केवळ एक कागद. तो कागद कोणता आहे, त्यावर काय लिहिले आहे आणि त्याची मुदत किती आहे, यावर हंगामाची कमाई अवलंबून असते.

पीक संरक्षणाच्या प्रशिक्षणात या विषयाला सहसा स्थान मिळत नाही. तथापि कीटकनाशकांची उधारी, धानाची विक्री आणि साठवणुकीवरील तारण कर्ज या तिन्ही ठिकाणी शेतकरी चलनक्षम दस्तऐवजांशी व्यवहार करीत असतो. प्रस्तुत लेखात वचनचिठ्ठी, धनादेश आणि वखार पावती या तीन कागदांचा परिचय या तीन प्रसंगांच्या अनुषंगाने करून दिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कर्जाच्या कागदाने शेतकऱ्याचे काय होऊ शकते, याचा धडा महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. तो कर्जरोखे, खतपत्रे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्याकडे होता. निरक्षर कुळाने अंगठा दिलेल्या कागदावर पुढे कोणता आकडा चढेल, याची त्याला कल्पना नसे. या उठावानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा संमत झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे रोखे ग्राम निबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद त्यात होती. कागद लिहिताना तिसरी, तटस्थ व्यक्ती उपस्थित असावी, हे तिच्यामागील तत्त्व आजही उपयोगी आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी १८८१ चा चलनक्षम दस्तऐवज अधिनियम तयार झाला व १ मार्च १८८२ पासून अमलात आला. वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि धनादेश हे तीन दस्तऐवज या अधिनियमाच्या कक्षेत येतात. देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढींना त्याने मोकळीक ठेवली. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच रक्कम द्यावयाची आणि मुदती हुंडी म्हणजे ठरलेल्या काळानंतर द्यावयाची, ही जुन्या पेठांतील विभागणी आजच्या मागणी व मुदत या संज्ञांशी जुळणारी आहे.

‘चलनक्षम’ म्हणजे काय?

सामान्य करारातील हक्क दुसऱ्याला देताना देणाऱ्याच्या हक्कातील दोषही सोबत जातात. चलनक्षम दस्तऐवजाचे तसे नाही. मुदतीपूर्वी, योग्य मोबदला देऊन आणि हक्कातील दोषाविषयी शंका घेण्यास कारण नसताना ज्याने असा कागद स्वीकारला, त्याला कायदा विशेष संरक्षण देतो. शिवाय असा प्रत्येक दस्तऐवज मोबदल्यासाठीच लिहिला गेला, असे न्यायालय आरंभी गृहीत धरते. ते खोडून काढण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. म्हणून ‘सही केली, पण पैसे मिळालेच नाहीत’ असे नुसते म्हणणे पुरेसे ठरत नाही. ते पुराव्याने दाखवावे लागते.

वचनचिठ्ठी : पाच कसोट्या

वचनचिठ्ठी लेखी असावी, त्यातील वचन बिनशर्त असावे, रक्कम निश्चित असावी, घेणारा निश्चित असावा आणि देणाऱ्याची सही असावी. फेडही पैशातच असावी लागते. या कसोट्या गावातील नेहमीच्या मजकुराला लावून पाहाव्यात.

- ‘मी पाच क्विंटल धान देईन’ : ही वचनचिठ्ठी नव्हे, कारण फेड पैशात नाही.
- ‘पीक विकल्यावर वीस हजार रुपये देईन’ : ही वचनचिठ्ठी नव्हे, कारण पीक विकले जाईलच अशी निश्चिती नाही, वचन सशर्त आहे.
- ‘मागणी करताच अमुक व्यक्तीस वीस हजार रुपये देईन’ : ही वचनचिठ्ठी होय.

पहिले दोन कागद निरर्थक आहेत असा याचा अर्थ नाही. ते कराराचा किंवा कर्जाचा पुरावा ठरू शकतात. मात्र वचनचिठ्ठीला मिळणारे विशेष गृहीतक त्यांना मिळत नाही.

मुद्रांकाबाबत एक कठोर नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. बहुतेक कागदांवर मुद्रांक कमी पडला असल्यास दंड भरून ते न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतात. वचनचिठ्ठीला ही सवलत नाही. योग्य मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी दंड भरूनही पुराव्यात घेतली जात नाही. शुल्क अगदी अल्प आहे. पण महसुली तिकीट लावून त्यावर आडवी सही घेण्याचे राहून गेले, तर मोठी रक्कम अडकते. तसेच ‘जो कोणी ही चिठ्ठी आणील त्याला रक्कम द्यावी’ अशी धारकाच्या नावाची वचनचिठ्ठी खाजगी व्यक्तीला काढता येत नाही. तो अधिकार रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांचाच आहे. त्यामुळे चिठ्ठीत घेणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे.

मागणी करताच देय असलेल्या वचनचिठ्ठीवर दावा करण्याची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे असते. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे लेखी मान्य केले, किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद सही करून दिली, तर तेव्हापासून नवी मुदत सुरू होते. घेणेकऱ्याने ही तारीख सांभाळावी. देणेकऱ्याने रक्कम फेडताच मूळ चिठ्ठी परत घ्यावी. केवळ ‘फाडून टाकली’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

उधारीवरील औषधे आणि कोरा धनादेश

खरिपाच्या आरंभी बियाणे, खते व कीटकनाशके उधारीवर घेताना सही केलेला कोरा धनादेश देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तो केवळ तारण म्हणून आहे, अशी समजूत दोन्ही बाजूंना असते. कायद्याची दृष्टी निराळी आहे. सही केलेला कोरा धनादेश स्वेच्छेने दिला असेल, तर त्यातील रक्कम दुसऱ्याने भरली तरी धनादेश देणेफेडीसाठीच दिला होता हे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तारण म्हणून दिलेल्या धनादेशाबाबतही, देणे देय झाल्यानंतर तो वटला नाही तर फौजदारी जबाबदारी येऊ शकते, असे २०२१ च्या निर्णयात म्हटले आहे.

या कागदाचा परिणाम शेतातील निर्णयावरही होतो. भातावरील तपकिरी तुडतुड्यांसाठी प्रति चूड ५ ते १० तुडतुडे आणि खोडकिडीसाठी ५ टक्के गाभेमर ही फवारणीची सर्वसाधारण आर्थिक नुकसान पातळी मानली जाते. पातळी गाठली नसेल तर फवारणी टाळणे हेच हिताचे असते, कारण अनावश्यक फवारणीने कोळी व मिरीड ढेकूण यांसारखे मित्रकीटक नष्ट होऊन तुडतुड्यांचा उद्रेक वाढू शकतो. परंतु ज्याचा कोरा धनादेश दुकानात आहे, त्याला विक्रेत्याने सुचविलेले औषध नाकारणे अवघड जाते. फवारणी केव्हा व कशाची करावी, हा निर्णय शिवारातील निरीक्षणावरून व्हावा. उधारीच्या वहीवरून होऊ नये.

म्हणून उधारी घ्यावयाची असल्यास पुढील पद्धत पाळावी. प्रत्येक खरेदीचे उधारी बिल घ्यावे; त्यावर औषधाचे नाव, तुकडी क्रमांक व किंमत असावी. असे बिल देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. धनादेश द्यावाच लागल्यास रक्कम, तारीख आणि नाव स्वतः लिहावे व त्यावर दोन तिरप्या रेषा मारून ‘फक्त खातेदारास’ असे नमूद करावे. धनादेशाचा क्रमांक व देण्याचे कारण वेगळ्या कागदावर लिहून विक्रेत्याची सही घ्यावी. रक्कम रोखीने किंवा ऑनलाइन फेडल्यास त्याच दिवशी धनादेश परत मागावा.

परवानाधारक सावकाराकडून कर्ज घेताना रक्कम न लिहिलेली वा रिकाम्या जागा ठेवलेली चिठ्ठी घेणे हे महाराष्ट्रातील सावकारी कायद्याविरुद्ध आहे. विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

मालाचा धनादेश वटला नाही तर

धनादेशाची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिने असते; १ एप्रिल २०१२ पूर्वी ती सहा महिने होती. पुढील तारखेचा धनादेश त्या तारखेपूर्वी बँकेत भरता येत नाही. प्रतिमा आधारित समाशोधनात खाडाखोड असलेला धनादेश परत जातो, म्हणून व्यापाऱ्याने रक्कम किंवा नाव दुरुस्त करून दिलेला धनादेश स्वीकारू नये, नवा मागावा.

खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे धनादेश परत येणे हा कलम १३८ खालील गुन्हा आहे. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. खाते बंद करणे किंवा देयक थांबवण्याची सूचना देणे ही पळवाटही न्यायालयांनी बंद केली आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र त्यासाठी काही मुदती काटेकोरपणे पाळाव्या लागतात. त्या समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, गोंदिया जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सिलतरा परिसरातील व्यापाऱ्याला धान दिले आणि २० डिसेंबर तारखेचा १ लाख ४० हजार रुपयांचा धनादेश घेतला.

१. २२ डिसेंबर : शेतकऱ्याने धनादेश गोंदियातील आपल्या खात्यात भरला.
२. २४ डिसेंबर : ‘रक्कम अपुरी’ असा शेरा असलेला परतीचा मेमो त्याला मिळाला. येथून ३० दिवसांच्या आत, म्हणजे २३ जानेवारीपर्यंत, रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस पाठवणे आवश्यक आहे.
३. १० जानेवारी : व्यापाऱ्याला नोटीस पोचली. रक्कम देण्यासाठी त्याला १५ दिवस, म्हणजे २५ जानेवारीपर्यंत, अवधी आहे.
४. २६ जानेवारी : रक्कम न आल्यास तक्रारीचे कारण या दिवशी निर्माण होते. तेथून एक महिन्याच्या आत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दाखल करावी लागते. या उदाहरणात २५ फेब्रुवारीपूर्वी ती दाखल करणे सुरक्षित होय.

ही तक्रार पोलीस ठाण्यात करावयाची नसून थेट न्यायालयात करावयाची असते. तक्रारीस झालेला विलंब पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीची ३० दिवसांची मुदत मात्र चुकवू नये. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या फोनवरील आश्वासनांत ती मुदत निघून जाते, हा या प्रकरणांतील सर्वांत सामान्य तोटा आहे. धनादेश त्याच्या तीन महिन्यांच्या वैधतेत पुन्हा भरता येतो; परंतु त्या मर्यादेचे भान ठेवावे.

तक्रार कोठे करावी?

सीमाभागातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न कळीचा आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, धनादेश देणाऱ्याची बँक शाखा जेथे आहे तेथेच तक्रार चालेल. हा नियम कायम राहिला असता, तर वरील उदाहरणातील शेतकऱ्याला प्रत्येक तारखेला रायपूर गाठावे लागले असते. संसदेने २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १५ जून २०१५ पासून लागू मानली गेली. आता धनादेश खात्यामार्फत वसुलीसाठी भरला असल्यास, घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या कार्यक्षेत्रातील न्यायालयात तक्रार चालते.

यातून व्यावहारिक सूचना निघते. व्यापाऱ्याच्या शाखेत जाऊन खिडकीवर धनादेश वटवण्याचा प्रयत्न केला आणि तो परत आला, तर कार्यक्षेत्र त्या शाखेच्या ठिकाणचे ठरते. म्हणून परराज्यातील व्यापाऱ्याचा धनादेश नेहमी आपल्या गावाजवळील शाखेतील आपल्या खात्यातच भरावा.

१ सप्टेंबर २०१८ पासूनच्या दुरुस्तीनुसार आरोपीने गुन्हा नाकारल्यानंतर न्यायालय तक्रारदाराला धनादेशाच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकते. वरील उदाहरणात ती २८ हजार रुपयांपर्यंत होईल. तडजोडीचा मार्गही खुला असतो. गोव्यातील एका प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या सूत्रानुसार, बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी आरोपीने धनादेशाची रक्कम भरल्यास कोणत्याही जादा खर्चाविना तडजोड होऊ शकते. त्यानंतर निकालापूर्वी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के जादा रक्कम आरोपीला भरावी लागते. लवकर तडजोड करणे देणेकऱ्याच्याही हिताचे आहे, हे गावपातळीवरील मध्यस्थीत सांगता येईल.

धनादेशामागे कायदेशीर देणे होते, हे दाखवणारे कागद सोबत असावेत : वजनकाट्याची पावती, सौदापट्टी, ट्रकचा क्रमांक व मालपावती. हे पुरावे माल देतानाच जमवावेत.

वखार पावती : दाण्यावर उभा असलेला कागद

काढणीनंतर लगेच कमी भावात विक्री करून पुढील तारखेचा धनादेश घेण्याला एक पर्याय आहे. तो म्हणजे माल नोंदणीकृत वखारीत ठेवून चलनक्षम वखार पावतीवर कर्ज घेणे. ही पावती १८८१ च्या अधिनियमात येत नाही; तिला वखार (विकास व नियमन) अधिनियम, २००७ चा आधार आहे. तो ऑक्टोबर २०१० मध्ये अमलात आला. सप्टेंबर २०१७ पासून ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली, त्यामुळे ती हरवणे किंवा एकाच मालावर दोनदा कर्ज उचलणे यांस आळा बसतो. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना अशा पावतीवर काढणीपश्चात सहा महिन्यांपर्यंत व्याज सवलतीचे कर्ज मिळू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने या तारण कर्जांसाठी १,००० कोटी रुपयांची पतहमी योजनाही सुरू केली.

धनादेशाची किंमत खात्यातील शिलकीवर असते, तशी या पावतीची किंमत पोत्यातील दाण्यावर असते. पावतीवर मालाचे वजन, प्रत आणि टिकण्याचा घोषित काळ नमूद असतो. तो काळ संपला की पावतीची वैधताही संपते. येथे कीटकशास्त्राचा संबंध थेट येतो.

टरफलासह असलेल्या धानाला दाणे पोखरणारा लहान भुंगेरा आणि धान्यातील पतंग हे मुख्य उपद्रव करतात. तांदूळ झाल्यावर सोंडकिडा व तांबडा भुंगेरा यांची भर पडते. भुंगेरा, पतंग व सोंडकिडा यांची अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे माल जमा करताना वरून स्वच्छ दिसणाऱ्या पोत्यातही प्रादुर्भाव दडलेला असू शकतो. उबदार व दमट हवेत सोंडकिड्याची एक पिढी सुमारे एका महिन्यात पूर्ण होते. सहा महिन्यांच्या तारण काळात अशा अनेक पिढ्या होतात आणि वजन व प्रत या दोन्ही बाजूंनी पावतीखालचा माल खालावतो. भाव चढेपर्यंत थांबण्याचा लाभ तेवढ्यात नाहीसा होतो.

म्हणून वखारीत माल देण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी.

- शासकीय खरेदीत धानासाठी १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. दीर्घ साठवणुकीसाठी तो पुरेसा कमी नाही. १२ ते १३ टक्क्यांपर्यंत धान वाळवावे.
- जुने पोते वापरायचे असल्यास ते उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे. नव्या मालात जुना माल मिसळू नये.
- जमा करताना पोकळ सळईने पोत्याच्या मधून व तळातून नमुना काढला जात आहे याची खात्री करावी आणि प्रत पावतीवर बरोबर नोंदली आहे हे तपासावे.
- दरमहा माल पाहण्याचा आग्रह धरावा. धुरी देण्याचे काम, विशेषतः ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर, मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे. घरातील साठ्यात त्याचा वापर कदापि करू नये.
- काळजीवाहू मालकाइतकी दक्षता न घेतल्याने माल खराब झाल्यास वखारचालक जबाबदार असतो. जमा करतानाची प्रत नोंदलेली असेल तरच हे सिद्ध करता येते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील शेतीशाळेत या विषयासाठी एक तास राखून ठेवावा. हा तास हंगामापूर्वी, म्हणजे उधारीचे कागद होण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा काढणीच्या सुमारास घेणे उपयुक्त ठरते. सहभागींकडून रद्द केलेला एक धनादेश, एक वचनचिठ्ठीचा नमुना आणि एक वजनपावती भरून घ्यावी. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत : धनादेश परत आल्यास नोटिशीची शेवटची तारीख कोणती? चिठ्ठीवर तिकीट व नाव आहे का? फेडलेल्या उधारीचे किती कोरे धनादेश अजून दुकानात आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना देता येणार नाही, त्यांनी त्याच आठवड्यात बँकेच्या धनादेश पुस्तिकेवरून यादी करून ते परत मागावेत. प्रत्यक्ष वाद उद्भवल्यास तालुका विधी सेवा समितीकडून पात्र व्यक्तींना विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळते. नोटिशीची मुदत चालू असतानाच तेथे पोचणे महत्त्वाचे आहे.

शेतात कीड ओळखण्यासाठी पान उलटून पाहण्याची सवय शेतकऱ्यांना लागली आहे. कागदावर सही करण्यापूर्वी तोही उलटून, वाचून आणि तारखा मोजून पाहण्याची सवय लागली, तर पिकावर झालेला खर्च आणि श्रम यांचे मोल त्याच्याच घरी येईल.